ठिगळ, दप्तर आणि कर्त्याचे नाव

अनेकांच्या हातून सिद्ध होणाऱ्या ग्रंथाचा इतिहास लिहू गेल्यास दोन प्रश्न हटकून पुढे येतात. दूरस्थ माणसाने सुचविलेली दुरुस्ती मूळ प्रतीत कोणत्या वाटेने शिरली, हा पहिला. आणि ती शिरल्यावर तिच्या कर्त्याचे नाव टिकले की पुसले गेले, हा दुसरा. पोथ्यांच्या पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांना हे प्रश्न नवे नाहीत. गेल्या पन्नास वर्षांत ते एका सर्वस्वी निराळ्या क्षेत्रात, म्हणजे संगणकाच्या आज्ञावलींच्या क्षेत्रात, पुन्हा उभे राहिले आणि त्यांवरून मोठे वादही झाले. आपल्या घरांतील कितीतरी मुले-नातवंडे आज ज्या व्यवसायात आहेत, त्याचा हा अलीकडचा इतिहास घरातील वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असावा, या हेतूने हे टिपण लिहिले आहे.

आज्ञावली म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञांचे लिखाण. माणसाला वाचता येईल अशा ओळींत ते असते. त्यास आपण संहिता म्हणू. व्यापारी कंपन्या आपली संहिता बहुधा गुप्त ठेवतात. मुक्तस्रोत आज्ञावलींची रीत उलट आहे. त्यांची संहिता कोणीही वाचावी, बदलावी, आणि बदल उपयुक्त वाटल्यास तो मूळ कारभाऱ्याकडे पाठवावा, अशी मोकळीक असते. ‘गाव करी ते राव काय करी’ ही आपली म्हण या कार्यास चपखल लागू पडते. परंतु गावाने केलेले काम एकत्र आणायचे कसे? गावातला प्रत्येक जण आपापल्या पद्धतीची वही ठेवतो. कारभाऱ्याची वही एका धाटणीची, मदत करणाराची दुसऱ्या धाटणीची. अशा वेळी ‘माझ्याच पद्धतीची वही ठेवाल, तर तुमची मदत घेईन’ असे कारभाऱ्याने म्हणावे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर अगदी साधे आहे. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘डिफ’ नावाची आज्ञावली लिहिली. तिच्यामागची गणिती रीत त्यांनी आणि जेम्स हंट यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. दोन प्रती समोर ठेवल्या असता त्यांतील कोणत्या ओळी वेगळ्या आहेत, एवढेच ती सांगे. १९८५ च्या मे महिन्यात लॅरी वॉल यांनी तिला पूरक अशी ‘पॅच’ ही आज्ञावली सर्वांस दिली. पॅच म्हणजे ठिगळ. डिफने दाखविलेला फरक हाती असला, की जुन्या प्रतीवर तो चढवून नवी प्रत तयार करण्याचे काम ती करी. पुढे रूढ झालेल्या धाटणीत वगळलेल्या ओळीपुढे उणे चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिक चिन्ह, आणि वर-खाली न बदललेल्या दोन-तीन ओळी ओळखीसाठी, असे या ठिगळाचे स्वरूप असते. घेणाराची प्रत मधल्या काळात थोडी पुढे सरकलेली असली, तरी त्या ओळखीच्या ओळी शोधून ठिगळ बहुधा आपल्या जागी जाऊन बसते.

ठिगळाचा खरा गुण त्याच्या साधेपणात आहे. ते निव्वळ अक्षरांचे असते. ते पत्रातून पाठविता येते, वाचता येते, त्यावर शेरा मारता येतो. पाठविणारा आपल्या घरी कोणती वही ठेवतो, किंबहुना काही वही ठेवतो की नाही, याची चौकशी करण्याचे घेणारास कारण पडत नाही.

या वह्यांचा, म्हणजे आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या दप्तरांचा, इतिहास ठिगळाच्या बरोबरीने चालत आला आहे. बेल लॅब्जमध्येच मार्क रॉचकिंड यांनी १९७२ साली पहिले असे दप्तर रचले. १९८० नंतर वॉल्टर टिची यांचे ‘आरसीएस’ आले. त्यात एखादी फाईल एकाने उचलली, की तो ती परत ठेवीपर्यंत इतरांनी हात चोळीत बसावे, अशी सर्वसाधारण रीत होती. अ‍ॅम्स्टरडॅममधील डिक ग्रूने हे अध्यापक आपल्या दोन विद्यार्थ्यांसमवेत एक आज्ञावली लिहीत होते. एक विद्यार्थी सकाळी नऊ ते सायंकाळी पाच असा नेमाने बसणारा, दुसरा अनियमित, आणि स्वतः अध्यापकांना केवळ संध्याकाळ मोकळी. तिघांच्या वेळा जुळेनात. म्हणून तिघांनाही एकाच वेळी काम करता येईल असे दप्तर ग्रूने यांनी बांधले आणि १९८६ साली प्रसिद्ध केले. तेच पुढे ‘सीव्हीएस’ या नावाने जगभर गेले.

सीव्हीएसने सोय पुष्कळ केली, पण एक भेदही रूढ केला. दप्तर मध्यवर्ती एका यंत्रावर असे आणि त्यात लिहिण्याची किल्ली मोजक्यांच्या हाती असे. बाहेरच्या माणसाने ठिगळ पाठवावे, किल्लीवाल्याने ते आपल्या हाताने दप्तरात उतरवावे. आणि नोंदीत नाव लागे ते किल्लीवाल्याचे. मूळ कर्त्याचा उल्लेख करायचा तर तो शेऱ्यात, उतरविणाराच्या सौजन्यावर अवलंबून. जुन्या पत्रव्यवहारात पत्र लिहिणारा एक आणि शिक्कामोर्तब करणारा दुसरा, हा फरक आपल्याला परिचित आहे. सीव्हीएसच्या दप्तरात शिक्क्याला जागा होती, लिहिणाराला नव्हती.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक नवी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. लिनक्स या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. तिच्या गाभ्यास, म्हणजे कर्नलला, जगभरातून ठिगळे येऊ लागली. नवल असे, की २००२ पर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षे, या प्रचंड संहितेच्या मुख्य प्रतीला कोणतेही दप्तर नव्हते. पत्रातून ठिगळ यावे, टोर्वाल्ड्स यांनी ते वाचून आपल्या प्रतीवर चढवावे, आणि अधूनमधून नवी आवृत्ती बाहेर काढावी, असा शिरस्ता होता. सीव्हीएसविषयी त्यांना तिटकारा होता. त्यापेक्षा साधी ठिगळेच बरी, हे मत त्यांनी पुढेही अनेकदा बोलून दाखविले.

पण कारभार वाढला आणि एका माणसाचे हात अपुरे पडू लागले. पाठविलेली ठिगळे उत्तराविना गहाळ होत. पाठविणाराने तेच ठिगळ पुन्हा पुन्हा पाठवावे आणि तरीही ते नाकारले की नजरेतून सुटले हे त्यास कळू नये, अशी अवस्था आली. १९९८ साली यावरून मोठी कुरबुर झाली. २००२ च्या जानेवारीत तर लहान ठिगळे गोळा करण्यासाठी स्वतंत्र मदतनीस नेमावा, अशी सूचना उघडपणे पुढे आली. फुकट श्रम करणाऱ्या माणसाला पोच मिळू नये, यासारखे दुःख नाही. ती तक्रार रास्तच होती.

१९९८ च्या कुरबुरीच्या वेळीच लॅरी मॅकव्हॉय यांनी एक नवे दप्तर योजले होते. ‘बिटकीपर’ हे त्याचे नाव. त्यात मध्यवर्ती दप्तर एकच असण्याची गरज नव्हती. प्रत्येकाजवळ पूर्ण दप्तराची प्रत असे आणि दोन प्रतींचा मेळ नंतर घालता येई. फेब्रुवारी २००२ पासून टोर्वाल्ड्स ते वापरू लागले आणि कामाचा वेग स्पष्टपणे वाढला. मात्र बिटकीपर ही एका कंपनीची मालमत्ता होती. मुक्तस्रोत कार्यासाठी ती विनामूल्य मिळे, पण अटींवर. आणि प्रतिस्पर्धी दप्तर घडविणाराने ती वापरू नये, अशी एक अट त्याच वर्षी तीत स्पष्टपणे आली.

येथे वादाला तोंड फुटले. ज्यांची अवघी निष्ठा मुक्त संहितेवर, त्यांनी बंदिस्त साधन हाती धरावे काय? रिचर्ड स्टॉलमन यांनी कडक टीका केली. अ‍ॅलन कॉक्स यांच्यासारख्या ज्येष्ठांनी बिटकीपर वापरण्यास नकार दिला. एप्रिल २००२ मध्ये, बिटकीपर कसे वापरावे हे सांगणारी टिपणे लिनक्सच्या संहितेतून काढून टाकावीत, असे ठिगळ एकाने पाठविले. टोर्वाल्ड्स यांनी ते स्वीकारले नाही. कोणते साधन वापरावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, आणि बिटकीपर न वापरणारांची ठिगळे आपण पूर्वीप्रमाणेच घेत आहोत, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका केवळ बोलण्यापुरती नव्हती. पत्रातून येणारे साधे ठिगळ त्यांनी खरोखरच चालू ठेवले. त्या काळातील त्यांचे उजवे हात अँड्र्यू मॉर्टन हे शेकडो ठिगळांची चळत स्वतः रचलेल्या लहानसहान आज्ञावलींच्या साह्याने सांभाळीत आणि टोर्वाल्ड्स यांना पाठवीत. त्या आज्ञावलींवरूनच पुढे एक स्वतंत्र साधन तयार झाले. त्याचे नाव ‘क्विल्ट’, म्हणजे गोधडी. ठिगळांना ठिगळे जोडून गोधडी शिवण्याची कला आपल्या आजी-पणजींना वेगळी सांगायला नको. कारभाऱ्याचे दप्तर एक आणि मदतनिसांची गोधडी दुसरी, तरीही काम अडले नाही, याचे श्रेय त्या साध्या अक्षरांच्या ठिगळाला द्यावे लागते.

तथापि दारातून आत येता येणे निराळे आणि घरातील कागद पाहता येणे निराळे. बिटकीपर न वापरणारांना बदलांचा इतिहास सहजी पाहता येईना. यावर तोडगा म्हणून कंपनीने २००३ साली बिटकीपरमधील नोंदींची सीव्हीएसमध्ये नक्कल उपलब्ध करून दिली. ही नक्कल उपयुक्त होती, पण पूर्ण नव्हती. बिटकीपरच्या इतिहासाला अनेक फाटे फुटत आणि पुन्हा मिळत. सीव्हीएसच्या सरळ रेषेत ते सारे मावेना. एका दप्तराचा मजकूर दुसऱ्यात उतरविताना काही ना काही गळते, हा अनुभव तेव्हापासून आजतागायत सर्वांना आला आहे.

याच नकलेत नोव्हेंबर २००३ मध्ये एक विलक्षण प्रकार घडला. कोणा अज्ञाताने सीव्हीएसच्या यंत्रात शिरून दोन ओळी घातल्या. वरकरणी ती एक निरुपद्रवी तपासणी वाटे. परंतु जेथे तुलना करण्यासाठी बरोबरीची दोन चिन्हे हवीत, तेथे एकच लिहिले होते. आणि त्या भाषेत एका चिन्हाचा अर्थ तुलना असा न होता ‘हे मूल्य दे’ असा होतो. परिणामी ती विशिष्ट आज्ञा वापरणारास यंत्राचे सर्वाधिकार मिळाले असते. ही लबाडी लवकरच पकडली गेली, आणि ती संहितेच्या वाचनातून नव्हे, तर रुजुवातीतून. नकलेतील प्रत्येक नोंदीस बिटकीपरमधील मूळ नोंदीचा दाखला असे. या नोंदीस तो नव्हता. नकलेचा मुळाशी ताळा पाहण्याची शिस्त होती, म्हणून अनर्थ टळला. मूळ प्रतीला धक्का लागला नव्हता, पण नकलेवर विसंबणारे फसले असते.

याच सुमारास कर्तृत्वाचा प्रश्न न्यायालयातही पोचला. एससीओ या कंपनीने मार्च २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावून, आपली संहिता लिनक्समध्ये शिरली असल्याचा आरोप केला. कोणती ओळ कोठून आली हे दाखविता येणे आता निकडीचे झाले. मे २००४ मध्ये टोर्वाल्ड्स यांनी एक साधी प्रथा सुचविली. ठिगळ पाठविणाराने, आणि ते पुढे सरकविणाऱ्या प्रत्येकाने, खाली आपल्या नावाची एक ओळ लिहावी. हे काम देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती ग्वाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ही सही कोणत्याही दप्तराच्या रचनेत नव्हे, तर ठिगळाबरोबरच्या मजकुरात ठेवली गेली. त्यामुळे दप्तर कोणतेही असो, सही सोबत जाते.

एप्रिल २००५ मध्ये बिटकीपरचा संबंध तुटला. सांबा आणि आरसिंक या आज्ञावलींचे कर्ते अँड्र्यू ट्रिजेल यांनी, बिटकीपर न वापरताही त्यातील नोंदी वाचता याव्यात म्हणून एक साधन लिहावयास घेतले. बिटकीपरच्या यंत्राशी जोडणी करून त्यांनी ‘हेल्प’ हा शब्द टंकला आणि यंत्राने आज्ञांची यादी पुढे केली, हे त्यांनी पुढे कॅनबरा येथील परिषदेत करून दाखविले. कंपनीच्या दृष्टीने हा अटींचा भंग होता. विनामूल्य बिटकीपर बंद करण्याची घोषणा तिने केली. उसने भांडे मालकाने परत मागितले.

टोर्वाल्ड्स यांनी ३ एप्रिल रोजी स्वतःचे दप्तर लिहावयास प्रारंभ केला आणि ७ एप्रिल रोजी ते स्वतःची नोंद स्वतः ठेवू लागले. हेच ‘गिट’. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती त्याच्या आधारे निघाली आणि जुलैअखेर त्यांनी गिटचा कारभार जुनिओ हामानो यांच्या स्वाधीन केला. याच घटनेतून, त्याच एप्रिल महिन्यात, मॅट मॅकल यांचे ‘मर्क्युरियल’ हे दुसरे दप्तरही जन्मास आले.

गिटच्या रचनेत मागच्या तीन वर्षांचे धडे स्पष्ट उमटले आहेत. प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीवरून काढलेली एक खूण असते. मागील एक अक्षर बदलले, तरी पुढच्या साऱ्या खुणा बदलतात. नकलेतील चोरटा फेरफार लपून राहू नये, अशी ही तजवीज. दुसरे म्हणजे, प्रत्येक नोंदीत दोन नावांना जागा आहे. लिहिणाराचे वेगळे आणि दप्तरात उतरविणाराचे वेगळे. पत्रातून आलेले ठिगळ चढविताना गिट पत्रावरील नाव आणि तारीख वाचून ती लिहिणाराच्या जागी घालते. ज्याने गिट कधी पाहिलेही नाही, ज्याच्याजवळ डिफ आणि ई-मेल एवढेच आहे, त्याचे नावही कर्ता म्हणून कायमचे नोंदले जाते. सीव्हीएसमध्ये जे उतरविणाराच्या सौजन्यावर होते, ते येथे दप्तराच्या घडणीतच आले.

असे असूनही या कथेस एक खेदजनक उपकथानक आहे. १६ एप्रिल २००५ रोजी कर्नल गिटमध्ये ठेवले गेले, तेव्हा आधीचा इतिहास सोबत आणला नाही. सतरा हजारांहून अधिक फायली एकाच नोंदीत एकदम दाखल झाल्या. त्या दप्तरास ‘ही ओळ कोणाची?’ असे आजही विचारले, तर त्या दिवसापूर्वीच्या प्रत्येक ओळीपुढे टोर्वाल्ड्स यांचेच नाव येते, मग ती दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी रात्र जागून का लिहिलेली असेना. पुढे इतरांनी बिटकीपरचा इतिहास स्वतंत्र दप्तरात रचून ठेवला. अभ्यासकास तो जोडून पाहता येतो. पण त्याहूनही पूर्वीच्या कित्येकांची आठवण टिकली ती एका साध्या फाईलमुळे. ‘क्रेडिट्स’ या नावाच्या त्या फाईलमध्ये माणसाचे नाव आणि त्याने काय केले, एवढेच लिहिलेले असते. ती यंत्राने काढलेली नाही, माणसांनी ठेवलेली आहे.

पायथन या भाषेचा अनुभवही असाच आहे. तिची संहिता सीव्हीएसमधून २००५ साली सबव्हर्जनमध्ये, २०११ साली मर्क्युरियलमध्ये आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये गिटमध्ये गेली. चार दप्तरे झाली. त्यांपैकी पहिल्या तिन्हींत नोंदीपुढे एकाच माणसाच्या नावाला जागा होती आणि ती बहुधा किल्लीवाल्याच्या नावाने भरली जाई. मूळ कर्ता शेऱ्यात असे. या साऱ्या स्थलांतरांतून ‘अ‍ॅक्स’ नावाची आभाराची यादी मात्र आडनावांच्या क्रमाने अखंड चालत आली. ज्याचे एकच लहानसे ठिगळ स्वीकारले गेले, तोही तीत आहे.

आपल्या भाषेचाही या इतिहासाशी संबंध आहे. ग्नोम ही लिनक्सवरील पडद्याची व्यवस्था मराठीत उपलब्ध झाली, ती अशाच हातभारातून. तिचे दप्तर २००६ च्या अखेरीस सीव्हीएसमधून सबव्हर्जनमध्ये आणि एप्रिल २००९ मध्ये गिटमध्ये गेले. परंतु भाषांतरकारास त्याची झळ फारशी लागण्याचे कारण नव्हते; कारण भाषांतराची फाईल हीदेखील साध्या अक्षरांचीच असते. वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी वाक्य, आणि माथ्यावर शेवटच्या भाषांतरकाराचे नाव. दप्तराचा गंध नसलेल्या, पण मराठी जाणणाऱ्या माणसालाही ती भरून देता येते.

२००८ साली गिटहब सुरू झाले आणि मदत देणे-घेणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले. आज बहुसंख्य मुक्तस्रोत कार्ये गिटमध्ये आहेत. २०१६ साली बिटकीपरची संहिताही मुक्त झाली, पण तोवर तिचा काळ सरला होता. २०२० साली बिटबकेट या सेवेने मर्क्युरियलचा आश्रय काढून घेतला, तेव्हा तेथील बिऱ्हाडे हलवावी लागली. सगळे गाव एकाच पद्धतीची वही ठेवू लागले म्हणजे प्रश्न संपला, असे वाटण्याचा संभव आहे. तो संपत नाही. आजची सर्वमान्य वही उद्या जुनी होते, आणि आजचा सोयीचा दरवाजा कोणा एका कंपनीच्या मालकीचा असू शकतो. लिनक्सचे कर्नल मात्र, ज्याच्यासाठी गिट जन्मले, ते आजही पत्रातून आलेले साधे ठिगळ स्वीकारते.

आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांनी दोन-तीनशे वर्षांत मुलूख बदलले, दरबार बदलले, कागदाची लिपीही मोडीची बाळबोध झाली. प्रत्येक स्थलांतरात काही रुमाल मागे राहिले. जे उरले, ते कोणीतरी नक्कल करताना मूळ लिहिणाराचे नाव गाळले नाही म्हणून उरले. दप्तर बदलणे अपरिहार्य असते. ते बदलताना दुसऱ्याच्या कामापुढचे त्याचे नाव सोबत न्यावे, आणि ज्याची वही आपल्या वहीसारखी नाही त्याच्यासाठी एक साधी वाट मोकळी ठेवावी, एवढे मात्र कारभाऱ्याच्या हाती असते.